दाढेची चिठ्ठी

"जी परक्या घरी जाणारच, तिच्यावर चिठ्ठी कशाला वाया घालवायची?" माजघरात सासरे सासूबाईंना म्हणाले आणि नेमकं ते नव्या सुनेच्या, नयनाच्या कानी पडलं.

शाळेत दातांचे डॉक्टर आले होते. घरटी एकाच पोराला फुकट उपचाराची चिठ्ठी. दीर संग्राम सात वर्षांचा. गोळ्या चघळून त्याचा पुढचा दात किडलेला. बारा वर्षांची नणंद साक्षी मात्र दाढेच्या ठणक्याने भाकरी पाण्यात भिजवून गिळत होती.

नयनाला स्वस्थ बसवेना. बोलावं की नको, या घोळात तिने चार वेळा माजघराचा उंबरठा ओलांडला. सासरे चिठ्ठीवर संग्रामचं नाव घालू लागले, तशी तिने त्याला पुढे ओढून त्याचा दात बोटाने हलवून दाखवला.

"मामंजी, तुमचंच खरं. जे जाणारच, त्यावर चिठ्ठी कशाला? हा दुधाचा दात दिवाळीआधी पडेल. साक्षीची दाढ मात्र जन्मभर राहायची आहे."