तहानेला हाकलून देणारा

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका. समुद्र तेव्हाही खारटच होता, एवढं नक्की.

त्या समुद्राकाठच्या मिठागरात एक माणूस आपल्या बहिणीसोबत राहायचा. बहीण दिवसभर काळजी करायची. "जेवलास का रे? उन्हात डोक्याला काहीतरी बांध की!" एक दिवस तो तिच्यावर खेकसला, "सारखी कटकट! जा इथून!" बिचारी खरंच गेली. खाडीपलीकडच्या गावात राहू लागली.

झोपडी शांत झाली. पण अंग कुठलं गप्प बसतंय! मीठ ओढताना तहान म्हणायची, "पाणी दे." दिलं की गप्प, थोड्या वेळानं पुन्हा हजर. उन्हात घाम, गारठ्यात हुडहुडी, आणि भूक तर दारातच बसलेली.

एकदा वाटेनं एक बैरागी चालला होता. माणूस म्हणाला, "महाराज, या अंगाची बडबड बंद करा हो."

बैराग्यानं त्याला एक काळा दोरा दिला. "मनगटाला बांध. आतलं कुणी तुला टोकणार नाही. पण बाबा, फार एकटं वाटेल."

"मला एकटंच राहायचंय," माणूस म्हणाला आणि त्यानं दोरा बांधला.

काय ती शांतता! दिवसभर राबला, पण ना तहान, ना घाम. संध्याकाळी मात्र त्याला कसंसंच झालं. बाहेर कुणी नव्हतं, आणि आता आतही कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो बांधावर कोसळला. तिथं एक टिटवी होती. ती ओरडली, "अरे, उन्हानं माझी चोच उघडीच राहिलीय आणि तुला घामाचा थेंब नाही? अंग तव्यासारखं तापलंय! पाणी पी, नाहीतर मरशील!"

तो सरपटत रांजणापाशी गेला आणि प्यायला लागला. पण थांबायचं कधी? पीतच सुटला. पोट टम्म फुगलं, भडभडून ओकला, डोकं गरगरायला लागलं.

"मला थांबायला कुणी सांगितलं कसं नाही?" तो कण्हत म्हणाला.

"पाणी दे म्हणणारी तहानच, आणि पुरे म्हणणारीही तीच," टिटवी म्हणाली. "तिलाच तू हाकललंस, शहाण्या!"

त्यानं दातांनी दोरा तोडला. अंग गप्पच. "ये ना बाई," तो रडत म्हणाला, "पुन्हा नाही ओरडणार."

बराच वेळ गेला. मग घसा हळूच म्हणाला, "पाणी दे." तो घोट घोट प्यायला. "बस आता," घसा म्हणाला. तो थांबला. कपाळावर घाम आला, तेव्हा तर तो हसलाच.

मग त्याला बहीण आठवली. उन्हं उतरल्यावर तो खाडी ओलांडून तिच्या दारात गेला. तिनं दार उघडलं, पाट मांडला, भात वाढला. तो पोटभर जेवला. अंग म्हणालं, "पुरे." बहीण मात्र काहीच बोलली नाही. टोकायची तिची सवय त्यानंच मोडली होती.

पुढे तो रोज भर उन्हात बोडक्या डोक्यानं तिच्या दाराशी जायचा, एकदा तरी ती रागावेल म्हणून. ती नुसता पाण्याचा तांब्या पुढे करायची.

म्हणून सांगतो, पोरांनो, आणि पोरांच्या आज्यांनो, तुम्हीही ऐका: वेळेवर टोकणारं आत असो की बाहेर, आपला तोल तेच सांभाळतं, त्याचं तोंड बंद करू नये.