कोऱ्या खुंटावरची शाल

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, पण ती मला आठवली एका अगदी ताज्या काळजीपायी. माझा महागाचा कॅमेरा मी फोनमधल्या एका खरेदी-विक्रीच्या ॲपवर विकायला ठेवलाय. एका गृहस्थांनी तो सांगितलेल्या किमतीला, एका शब्दाची घासाघीस न करता मागितला. त्यांचं खातं परवाच उघडलेलं. त्यांच्याबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं नाही, वाईटही नाही. माणूस भला की लबाड, या विचारात माझी झोप गेली. की मीच फार संशयी झालेय? आई झाल्यापासून मला दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशींचाही संशय येतो. म्हणून सकाळी माझ्या लेकीची, जुईची वेणी घालता घालता तिला ही गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

दोन डोंगर होते. मध्ये खोल दरी आणि दरीत बारमाही धुकं. अलीकडच्या डोंगरावर कारागीर राहत, पलीकडच्या डोंगरावर शेतकरी. आवाज इकडून तिकडे जाई, चेहरा मात्र दिसत नसे. म्हणून दोन्ही कड्यांवर खुंट रोवलेले होते, खुंटांवरून दोरी आणि दोरीला टोपली. पलीकडून आधी धान्य येई, मग अलीकडून माल जाई.

या दोरीची राखण एक म्हातारा वानर करी. त्याचा एकच नियम होता. टोपली रिकामी आली असं घेणाऱ्याने म्हटलं, तर त्याचं धान्य त्याला परत करायचं. भल्या माणसांसाठी केलेला नियम होता तो.

विहिरीच्या काठाला दोरीचे वळ पडतात ना, तसे पलीकडच्या जुन्या खुंटांनाही पडले होते. त्या वळांत दोरी मुकाट्याने बसे. कोरा खुंट मात्र गुळगुळीत. त्याच्यावर दोरी करकरे. खुंट किती जुना ते अलीकडच्यांना डोळ्यांनी दिसत नसे, पण कानांना कळे.

अलीकडच्या डोंगरावर एक विणकरीण राहत होती. तिला एक लहान लेक होती. वर्षभर खपून ती एकच शाल विणी. शालीच्या बदल्यात जे धान्य येई, त्यावर मायलेकींचा हिवाळा निघे. त्या वर्षी पीक बेताचं आलं होतं. नेहमीची गिऱ्हाइकं गप्प होती. थंडी दाराशी येऊन ठेपली, तरी शाल घरातच.

अशात एका सकाळी धुक्यातून गोड आवाज आला. "ताई, शाल मला द्या. मागाल तेवढं धान्य देतो."

तिने मागितलं. दोरी करकरली आणि भरलेलं पोतं येऊन पोचलं.

शेजारची कुंभारीण अंगणात माती तुडवत होती. तिने कान टवकारले. म्हणाली, खुंट कोरा आहे, जपून. विणकरीण म्हणाली, असेल बिचारा नवा, नवं असणं हा काय गुन्हा झाला?

"गुन्हा नाही गं बाई. पण घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आणि न रडणारं तान्हं, दोन्ही जरा हलवून बघावीत. मी तर कोऱ्या खुंटाला आधी पणती पाठवते. रांजण नंतर."

विणकरणीला ते पटलं नाही असं नाही. पण लेक पोत्याला बिलगून बसली होती, आणि इतक्या गोड बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यायची तिला लाज वाटली. तिने शालीची घडी घातली, स्वतःच्या हाताने टोपलीत ठेवली. टोपली धुक्यात दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने तोच आवाज आला. तितकाच गोड.

"ताई, टोपली रिकामी आली."

आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. बोटांना शालीची लोकर अजून चिकटलेली होती.

वानर म्हणाला, "तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण नियम तो नियम. पोतं परत कर."

लेकीची मिठी सोडवून तिने पोतं टोपलीत चढवलं. शाल गेली, धान्यही गेलं.

मग ती उठली आणि दरीला वळसा घालून, धापा टाकत पलीकडच्या डोंगरावर गेली. त्या माणसाच्या दारात उभं राहून त्याला एकदा विचारायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिथे दार नव्हतं. घर नव्हतं, चूल नव्हती, माणसाच्या वावराची खूण नव्हती. भुसभुशीत मातीत एक गुळगुळीत खुंट तेवढा उभा होता. तिने त्याला हात लावला, तर तो उपटून हातात आला.

तेवढ्यात कड्याच्या दुसऱ्या टोकाकडून, धुक्यातून, तोच आवाज तिच्या कानी पडला. कुणा दुसऱ्याच बाईला सांगत होता, "ताई, टोपली रिकामी आली."

ती धावत तिकडे गेली. तिथेही कुणी नव्हतं. जमिनीत ताजं भोक होतं, बाजूला ओली माती. हा खुंट तर तो सोबतच घेऊन गेला होता.

तो हिवाळा मायलेकींनी कुंभारणीने दिलेल्या कण्यांच्या पेजेवर काढला. जगाला शाल विणणारी रात्रभर कुडकुडत होती. तिने ठरवून टाकलं, यापुढे कोऱ्या खुंटाला काही द्यायचं नाही, सुतळीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा दोरी करकरली. थकलेला बायकी आवाज होता. आम्ही इथे नवीनच राहायला आलोय, म्हणाला, शाल मिळेल का? विणकरणीने नाही म्हणायला तोंड उघडलं. कुंभारीण हळूच म्हणाली, "बाई, आपल्या गिऱ्हाइकांचे सगळे खुंट कधीतरी करकरलेच होते."

विणकरणीने उरल्यासुरल्या लोकरीची एक कानटोपी विणली आणि टोपलीत ठेवली. पलीकडून निरोप आला, टोपी पोचली, नातवाला अगदी बरोबर बसली. नंतर हातमोजे गेले, मग मफलर. दोरीची करकर हळूहळू कमी होत गेली. ज्या दिवशी ती मुळीच ऐकू आली नाही, त्या दिवशी विणकरणीने शालीची घडी घातली.

तात्पर्य : अनोळखी माणसाला दार बंद करू नये, पण रांजण देण्याआधी पणती देऊन बघावी.

जुईच्या वेणीला रिबीन बांधून झाली. गोष्ट बरी जमली असं मला वाटत होतं. त्या गृहस्थांना आधी कॅमेऱ्याची नुसती पिशवी विकावी, असंही मनाशी ठरत आलं होतं.

जुई आरशात बघून म्हणाली, "आई, मी लबाड असते ना, तर आधी पणतीच घेतली असती, आणि पोचली म्हणून सांगितलं असतं."