नव्वद दिवसांची तयारी

“म्हणजे, पुन्हा सारे पहिल्यापासून?”

निरंजन सोनकुसरेने हातातले फडके आवळून धरले. मँगनीजच्या खाणीतला तो मोठा एक्स्कव्हेटर बंद करून ठेवण्याचे काम त्याने पुस्तकाबरहुकूम, एकट्याने, दोन दिवसांत उरकले होते. आणि शाबासकीऐवजी ही झडती!

मुख्य मेकॅनिक करामत उस्तादांनी यंत्राच्या चकचकीत दांड्यावरून बोट ओढले. बोटावर ग्रीस आले, आणि ग्रीसखालून काळी धूळ.

“धुतले नाहीस.”

“वरून थर लागला ना, उस्ताद? नव्वद दिवसांना एवढे पुरते.”

“कोणते नव्वद दिवस?”

“मॅनेजरसाहेबांनी सर्वांसमक्ष सांगितले. तीन महिने खाण बंद, मग पूर्ववत.”

उस्तादांनी ते बोट स्वतःच्या बाहीला पुसले.

निरंजनची सारी भिस्त त्या तीन महिन्यांवर होती. दुसऱ्या खाणीतून त्याला नोकरीचे पत्र आले होते. ‘आमचे यंत्र लवकरच पुन्हा उभे राहील’ असे मोठ्या ऐटीत लिहून कालच त्याने नकार धाडला होता.

“नळी आण, इंजिनीअर. की डिप्लोमा भिजेल?”

त्याने नळी आणली. चाकांवरच्या साखळीतल्या पाट्यांच्या फटींतला चिखलसुद्धा खरवडून काढला.

“आता बकेट खाली घे.”

“वीतभरच तर वर आहे!”

“वीतभर असो की पुरुषभर, भार दांड्यांतल्या तेलावरच राहणार. फळ्या टाक, त्यांवर टेकव.”

त्याने बकेट टेकवली. कोरड्या दांड्यांना नव्याने ग्रीस माखले.

“इंजिनातले जुने तेल काढ. नवे भर.”

“बरे.”

“इंजिनाचे पट्टे उतरव. बॅटऱ्या काढ. धुराड्याचे तोंड बांधून घे.”

प्रत्येक हुकुमासरशी निरंजनचा हात मंदावत गेला. ही कामे त्याच्या पुस्तकात होती. परंतु नव्वद दिवसांच्या पानावर नव्हती. ती शेवटच्या पानावर होती.

“उस्ताद… ही तर कैक वर्षांची तयारी झाली.”

उस्तादांनी खाणीच्या दिशेने हात केला.

“काय ऐकू येते?”

निरंजनने कान दिला.

“काहीच नाही.”

“हं.”

तो धावतच काठाशी गेला. अहोरात्र पाणी उपसणाऱ्या पंपांचे चौथरे रिकामे होते. तळाशी उतरणाऱ्या रस्त्याचे शेवटचे वळण पाण्यात गेले होते.

पाणी उपसणे थांबले की खाण संपली. एवढे कळण्यास डिप्लोमा लागत नव्हता.

तो परतला आणि यंत्राच्या सावलीत मटकन बसला.

“पंप कधी नेले?”

“आज पहाटे.”

“माझा नकार काल गेला, उस्ताद.”

“ठाऊक आहे.”

“एकच दिवस थांबलो असतो, तर…”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिले नाही. एकतीस वर्षे ज्या यंत्राची नाडी पाहिली, त्याच्या सांध्यांत ते बोटाने ग्रीस भरत होते.

“हे पुन्हा चालू होईल, उस्ताद? खरे सांगा.”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

निरंजनने फडके भिरकावून दिले.

उस्ताद गुडघा धरून वाकले. फडके उचलले, झटकले, त्याची घडी केली. मग दांड्याच्या मागच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी, राहिलेली धूळ पुसू लागले.

“मग ही एवढी निगा कोणासाठी?” निरंजन ओरडला. “जे पुन्हा हलणारच नाही, त्याच्यासाठी?”

उस्तादांनी ते फडके त्याच्यापुढे धरले.



“पुन्हा हलणार असते, तर आज थोडे कमी केले तरी चालले असते; राहिलेले पुढच्या खेपेला करता आले असते.”