तानुबाईंची सही

पिंपळोशीच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या फक्त मंगळवारी मिळत, आणि गावचा बाजारही मंगळवारीच. भाजी विकणाऱ्या तानुबाईंच्या गोळ्या दोनदा चुकल्या. तिसऱ्या मंगळवारी त्या चक्कर येऊन वांग्यांच्या पाटीवरच कोसळल्या.

दवाखान्याच्या समितीत रुग्णांच्या प्रतिनिधी म्हणून त्यांचंच नाव होतं. वार बदलायचा म्हणून त्या बैठकीला वेळेवर गेल्या, तर समितीचे अध्यक्ष, तालुक्याचे आरोग्य अधिकारी निमकरसाहेब म्हणाले, “बाई, बाहेर बाकावर बसा. सहीपुरतं बोलावतो.”

तासाभरानं बोलावणं आलं. आत सगळ्यांचे चहाचे कप रिकामे झाले होते आणि नव्या कोऱ्या रजिस्टरात लिहिलं होतं, ‘रुग्णांच्या संमतीने मंगळवार कायम.’

तानुबाईंनी ते वाचलं, रजिस्टर मिटलं आणि वरच्या पुठ्ठ्यावर मधोमध ठसठशीत सही ठोकली.

साहेब ओरडले, “अहो, सही आत करायची असते!”

“ठरवताना मी भाईर होते, साहेब. मग माझी सहीबी भाईरच.”

साहेबांनी रुमालानं घासून पाहिलं. सही काही हलेना, आणि हेच रजिस्टर उद्या जिल्ह्याच्या साहेबांना दाखवायचं होतं; सही बाहेर का, हे ते विचारणारच.

“बरं, कोणता वार ठेवू?” साहेब पुटपुटले.

तानुबाई खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. “सांगते की. आधी माझा च्या येऊ द्या.”