चार तटांचा पाया

एका राज्यात निर्भयसेन नावाचा राजा होता. नाव तेवढे निर्भय. बाकी झोप सशाची. उत्तरेला वज्रबाहूने घोड्यांना नाल ठोकले की इकडे याच्या घशाखाली घास उतरत नसे. पूर्वेला शंखपालाच्या बंदरात नवे गलबत लागले की हा स्वतः उठून वेशीच्या कड्या तपासून येई. दक्षिणेच्या मेदिनी राणीने तर कधी काही केलेच नव्हते, आणि त्याला सर्वांत जास्त भीती तिचीच वाटे.

शेजाऱ्यांशी बोलणी करण्याचे काम हरिषेण सुमंताकडे होते. एके दिवशी राजा त्याला म्हणाला, "सुमंत, तुमच्या बोलण्यांनी मला झोप येत नाही. मला तट हवा. उंच हवा, आणि लवकर हवा."

आज्ञा झाली. हरिषेण उजाड डोंगरावर गेला, धूम्रकेश मांत्रिकाला भेटला आणि परत आला. दुसऱ्या दिवसापासून रोज माध्यान्ही, सावली पायाखाली आली की, तटावर दगडांची एक रांग आपोआप चढू लागली. ना गवंडी, ना चुना. राजा सज्जात उभा राहून पाही आणि खाली येऊन पोटभर जेवी. असे सात दिवस सुखाचे गेले.

आठव्या दिवशी हरिषेणाची साळुंकी तिन्ही राज्यांवरून फिरून आली. ही साळुंकी माणसासारखी बोले, मात्र तिला खोटे बोलता येत नसे. मुत्सद्द्याच्या घरात असा पक्षी म्हणजे रोजची पंचाईत.

"तिकडचे तटही चढताहेत," ती राजासमोरच म्हणाली. "तिन्ही. रोज एक रांग."

"मग आपल्या दोन चढवा," राजा म्हणाला.

दोनाच्या चार झाल्या. शहरात ऊन येईनासे झाले. धुणी वाळेनात, लहान मुले खोकू लागली. आणि एका सकाळी तट कण्हला. शहराने ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले.

हरिषेण एकटाच तटाच्या पायथ्याशी गेला. गवत बाजूला सारून त्याने हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. बोटांना दगड लागलाच नाही. मग वर चढून त्याने माथ्याकडचे दगड निरखून पाहिले. एकावर मासा कोरलेला होता. ती शंखपालाच्या पाथरवटांची खूण. दुसऱ्यावर वज्रबाहूची कुऱ्हाड. तिसऱ्यावर मेदिनीचे कणीस. आपणच गाठलेला मांत्रिक, आणि आपलेच शहर या पोकळ तटाच्या सावलीत.

तो तसाच डोंगरावर गेला.

"चौघेही माझ्याकडे आलात," धूम्रकेश म्हणाला. "नवे दगड कुठून आणू? एकाच्या पायातला काढतो, दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवतो."

"हे थांबेल कसे?"

"पौर्णिमेच्या माध्यान्ही चौघांनी आपापल्या तटावरून 'पुरे' म्हणावे. दगड आपापल्या घरी जातील. पण एकानेही तोंड मिटून ठेवले, तर त्याचा तट तेवढा राहील आणि बाकी तिघांचे कोसळतील."

पौर्णिमेला दहा दिवस होते. हरिषेणाने सगळे राजाला सांगितले. राजाने बोटांवर चार तट मोजले.

"म्हणजे मी गप्प राहिलो, तर आपला तेवढा उभा राहील."

"पोकळ पायावर, महाराज. आणि तिन्हीकडे माणसे चिरडून."

"पाहू," राजा म्हणाला. एवढेच वचन गाठीला बांधून हरिषेण साळुंकीसह निघाला.

वज्रबाहूने त्याचे ऐकून घेतले, पण पायथ्याकडे जायला तो तयार होईना. "तू आत शिरून ये. जिवंत आलास, तर मानेन." हरिषेण सरपटत आत शिरला. डोक्यावर अख्खा तट करकरत होता, आणि म्हाताऱ्या सुमंताला त्या अंधारात रडू आले. माती माखून तो बाहेर आला, तेव्हा वज्रबाहू खाली मान घालून म्हणाला, "पाया पोकळ आहे हे मला महिनाभर ठाऊक आहे. 'पुरे' म्हणेन."

शंखपालाचा माणसांवर विश्वास नव्हता. त्याने साळुंकीला विचारले, "हा खरे बोलतो?"

"आज बोलतो," साळुंकी म्हणाली.

"मग ती इथेच राहू दे. तुझ्या राजाचे बोलणे फिरले, तर ती तिकडे फेरी मारून मला सांगेल." हरिषेणाने पिंजरा ठेवला. आता घरची खबर कळायची वाटच उरली नाही.

मेदिनी राणी सुपात धान्य पाखडत बसली होती. तिने एकच विचारले, "तुमचा राजा म्हणेल?"

हरिषेणाला हो म्हणता आले असते. उभा जन्म तो असले हो म्हणत आला होता. "माहीत नाही," तो म्हणाला.

"मग त्या वेळी तुम्ही माझ्या तटाखाली उभे राहा." तिने स्वाराला हाक मारली. "निर्भयसेन महाराजांना कळव, तुमचा सुमंत कुठे उभा आहे ते."

पौर्णिमेची दुपार झाली. हरिषेणाची सावली आखडत पायाशी आली. वरून राणीचा आवाज आला, "पुरे."

दगड जागचे उठले नाहीत. उलट तट झुलला. डोळ्यांत माती पडली. हरिषेणाला मनात आपला राजा दिसत होता, तिकडच्या तटावर उभा, ओठ घट्ट मिटलेले. त्याला राग आला नाही, कीव आली. एक चिरा सुटून शेजारी आदळला. त्याने डोळे मिटले.

मग पाखरांचा थवा एकदम उडावा तसे दगड उठले. आकाशात एकमेकांना वाट देत गेले, आणि पलीकडून कणसाच्या खुणेचे येऊन पायाच्या पोकळीत बसले. तट पूर्वी होता तेवढाच राहिला, पुरुषभर उंचीचा. शहरात ऊन पडले.

हरिषेण घरी आला, तेव्हा राजा आपल्या ठेंगण्या झालेल्या तटावर बसला होता.

"मी गप्प राहायचे ठरवले होते," राजा म्हणाला. "राणीचा स्वार आला तरी ठरवलेलेच होते. वज्रबाहूवर माझा भरवसा नाही, शंखपालावर नाही, आजही नाही. पण तिकडे तुम्ही उभे होता. तोंड तीनदा उघडले आणि मिटले. चौथ्यांदा शब्द आला. उशीर झाला का?"

"थोडा," हरिषेण म्हणाला.

साळुंकी परत आली. मांत्रिकाकडे पुन्हा कोणी गेले नाही. चारही राजांनी ठरवले, की दरेकाने आपले एकेक माणूस शेजाऱ्याच्या तटाखाली घर करून ठेवावे. कोणाला पाठवावे यावर दरबारात पुष्कळ नावे निघाली. निर्भयसेनाने ती सगळी ऐकून घेतली, आणि मेदिनीच्या तटाखाली राहायला आपला थोरला मुलगा पाठवला.