येसूबाईंची हजेरी

कोंडरवाडीच्या कड्यावर अजून देवीचं देऊळही झालं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या शाळेत येसूबाई नावाच्या मास्तरीणबाई होत्या. अंगानं काटकुळ्या, पण राग असा की, असं म्हणतात, त्या चिडल्या की हातातला खडू तापायचा.

कड्याखाली दगडाची खाण होती. तिथं खडी फोडणाऱ्यांची अकरा पोरं शाळेच्या पटावर होती. एका वर्षी दिवाळी सरली आणि खाणमालक तात्यासाहेबांनी ती पोरं उचलून खाणीत घातली. इवल्याशा हातांत हातोडे! नुसतं ऐकूनही डोकं फिरतं.

त्यात शाळा तपासणारे दिपोटीसाहेब तात्यासाहेबांकडे जेवून, ढेकर देत शाळेत आले. म्हणाले, "बाई, अकरा पोरं दिसत नाहीत. नावं कमी करा."

"दिसत नाहीत? साहेब, जेवलात त्या ओसरीवरनं खाण सरळ दिसते की! नाव कमी केलं की पोर शाळेचं राहत नाही, खाणीचं होतं. मी नाही करायची."

साहेबांनी स्वतःच त्या नावांवर रेघ ओढली. असं म्हणतात, तीनदा ओढली आणि तिन्ही वेळा शाई ओघळून गेली.

येसूबाई पट घेऊन अंगणात आल्या. कड्याकडे तोंड करून त्यांनी पुकारलं, "दुर्गी यल्लप्पा!"

खाणीतनं बारीक आवाज आला, "हजर, बाई!"

मग दुसरं नाव, तिसरं. अकराव्या नावाला, असं म्हणतात, कडाच बोलला, "हजर!" खाणीतले सगळे हातोडे जागच्या जागी थांबले.

तरी पोरं सुटली नाहीत. उलट बाईंचीच बदली झाली. मग जातील त्या शाळेत त्या आधी ही अकरा नावं पुकारायच्या. तिथले मास्तर विचारायचे, ऐकायचे आणि तेही पेटायचे. बघता बघता तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची हजेरी याच नावांनी सुरू झाली. मास्तरांनी संघ काढला, बाईंना अध्यक्ष केलं. साहेब तपासणीला जातील तिथं कानावर "दुर्गी यल्लप्पा!" जेवायला बसले तरी ताटातून "हजर" ऐकू यायचं म्हणे. शेवटी ते स्वतः खाणीत उतरले आणि अकराही पोरांना हाताला धरून शाळेत घेऊन आले.

कोंडरवाडीत आजही हजेरी त्याच अकरा नावांनी सुरू होते. सगळी शाळा 'हजर' म्हणते. बारावं नाव येसूबाईंचं. त्याला मात्र कुणी उत्तर देत नाही. पोरं वळून वर्गात रिकामी जागा शोधतात. एखादी सापडली, तर धडा बाजूला ठेवून अख्खी शाळा त्या जागेवरच्या पोराला आणायला निघते. आणि रागातच निघते.