अब्रूची राखण

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात बहिर्जी नावाचा तांबट राहत असे. त्याच्या हातच्या घागरी आणि हंडे पंचक्रोशीत नावाजलेले होते. त्या नावलौकिकात निम्मा वाटा त्याची पत्नी यमुना हिचा होता. भांडे घडून झाले की ती ते उन्हाकडे धरून आतून न्याहाळीत असे. तांब्याच्या पत्र्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले असले, तरी तिला ते चमकताना दिसे. ती तेथे बोट ठेवी आणि बहिर्जी तेथे डाख देऊन ते बुजवी. त्यामुळे त्याच्या दुकानातून गळके भांडे कधी कोणाच्या घरी गेले नाही.

पुढे यमुनेचा उजवा डोळा गेला आणि डाव्या डोळ्यावरही सावली धरू लागली. दरवर्षी जत्रेच्या दिवसांत गावात एक नेत्रवैद्य येत असत. त्यांनी डोळा तपासला व सांगितले, "बाई, हा डोळा वाचेल. परंतु त्यावरचे औषध गलबतातून बंदरावर येते आणि तेथील व्यापारी रोख साठ रुपये मोजून घेतल्यावाचून ते देत नाही. पुढच्या जत्रेला रक्कम तयार ठेवा. माझा माणूस घोड्यावरून जाऊन औषध आणील. त्यापुढे मात्र उशीर होईल."

बहिर्जीने त्याच दिवशी मनाशी निश्चय केला.

त्या गावी घरात पैसा ठेवण्याची रीत नव्हती. सर्वांचा पैसा त्रिंबकशेटांच्या पेढीवर असे. प्रत्येकाच्या नावाने तेथे दोन थैल्या असत. एक रोजच्या खर्चाची आणि दुसरी ठेवीची. बाजारात काही घेतले की दुकानदाराला चिठ्ठी द्यायची. दुकानदार बाजारच्या दिवशी ती चिठ्ठी पेढीवर नेई आणि त्या माणसाच्या खर्चाच्या थैलीतून आपले पैसे घेई. थैलीत पैसे पुरेसे नसले, तर पेढीचा शिपाई पायरीवर उभा राहून त्या माणसाचे नाव मोठ्याने पुकारी आणि म्हणे, "शिल्लक नाही!" भरल्या बाजारात हे शब्द ऐकणे फार कठीण जाई.

बहिर्जीच्या ठेवीच्या थैलीत चाळीस रुपये जमलेले होते. वर्षभरात आणखी वीस घालणे त्याला अवघड नव्हते. खर्चाच्या थैलीची गोष्ट मात्र निराळी होती. भांडी घेणारी गिऱ्हाइके सुगीनंतर पैसे देत, आणि तेलवाला, मीठवाला व कोळशेवाला यांच्या चिठ्ठ्या दर आठवड्याला येत. मध्यंतरी त्या थैलीत रुपया-दोन रुपये उणे पडत.

अशाच एका बाजारच्या दिवशी शिपाई पायरीवर आला.

"बहिर्जी तांबट! शिल्लक नाही!"

समोर टोपल्या मांडून बसलेला खंडू बुरूड हसून म्हणाला, "काय तांबट, हंडे एवढे मोठे घडवता आणि थैली एवढीशी कशी?"

लोक हसले. बहिर्जी मान खाली घालून घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही. यमुना मात्र शांत होती.

"ओरडला तर ओरडला," ती म्हणाली. "आठ दिवस कालवणात तेल जरा कमी घालीन. गळतंय कुठं ते कळलं, हे काय वाईट झालं?"

"तुला नाही कळायचं. चारचौघांत माझं नाव घेतलं त्यानं!"

दुसऱ्या दिवशी त्रिंबकशेटांनी त्याला बोलावून गादीजवळ बसवले. त्यांचे बोलणे नेहमीच मृदू असे. ते म्हणाले, "बहिर्जी, तुमच्यासारख्या कारागिराचं नाव पायरीवरून पुकारलं जावं, हे मलाच बरं वाटलं नाही. आपल्या पेढीवर आता अब्रूची राखण करतात. तुमच्या थैलीत कमी पडलं, तरी आम्ही चिठ्ठी परत पाठवणार नाही. जेवढं उणं असेल तेवढं भरून देऊ. शिपाई तुमचं नाव घेणार नाही."

"आणि त्याचं काय द्यायचं, शेटजी?"

"शेताच्या राखणदाराला देता ना राखणावळ? तशीच ही. दर उण्या चिठ्ठीमागं आठ आणे."

"पैसे भरणार कुठून?"

"ते आमच्यावर सोडा," शेट हसून म्हणाले आणि त्यांनी तबक पुढे केले. त्या पेढीवर तबकातली सुपारी उचलली की करार पक्का होत असे. बहिर्जीने सुपारी उचलली.

घरी आल्यावर यमुनेनेही तोच प्रश्न विचारला, "भरायचे पैसे आणणार कुठून ते?"

"अगं, पेढी त्यांची आहे. त्यांना काय कमी?" बहिर्जी म्हणाला. त्याहून अधिक त्याने विचार केला नाही.

ते वर्ष बहिर्जीला फार सुखाचे वाटले. शिपाई पायरीवर येई आणि इतरांची नावे पुकारी. बहिर्जीचे नाव त्यात कधी नसे. तो ताठ मानेने बाजारातून चाले. एकदा खंडूचे नाव पुकारले गेले, तेव्हा बहिर्जी मुद्दाम थांबून म्हणाला, "खंडोबा, टोपलीत पैसे ठेवले की असंच व्हायचं. गळून जातात."

खंडू ओशाळला. त्या महिन्यात त्याने नवे धोतर घेतले नाही आणि जत्रेसाठी राखलेला बोकड विकून टाकला. त्याचे नाव पुन्हा पुकारले गेले नाही.

बहिर्जीला काटकसर करण्याचे कारणच दिसले नाही. त्याला कोणी अडवीत नव्हते, म्हणून सर्व ठीक चालले आहे असे तो समजत होता. पेढीवर काय चालले होते ते त्याला ठाऊक नव्हते. बाजारच्या दिवशी त्याच्या चार-पाच चिठ्ठ्या एकदम येत. कारकून त्यांतली तांब्याच्या पत्र्याची सर्वांत मोठी चिठ्ठी आधी वटवी. तिने खर्चाची थैली रिकामी होई. मग तेलाची, मिठाची, कोळशाची, हळदीची अशी प्रत्येक लहान चिठ्ठी उणी पडे आणि प्रत्येकीवर आठ आणे चढत. लहान चिठ्ठ्या आधी घेतल्या असत्या, तर एकच उणी पडली असती. चार आण्यांच्या मिठावर बहिर्जी आठ आणे राखणावळ देत होता. हे सारे पैसे शेट आपल्या तिजोरीतून भरीत नव्हते. बहिर्जीच्याच ठेवीच्या थैलीचा बंद सोडून ते त्यातून काढले जात होते.

ठरवलेले वीस रुपयेही बहिर्जीने वर्षभरात ठेवीत घातले. जत्रा आली, नेत्रवैद्यही आले. बहिर्जीने ठेवीच्या थैलीवर साठ रुपयांची चिठ्ठी लिहवून त्यांच्या माणसाच्या हाती दिली. घोड्यावर खोगीर चढलेले होते. तो माणूस पेढीवर गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याच्या आधी शिपाई पायरीवर आला.

"बहिर्जी तांबट! शिल्लक नाही!"

या वेळी बाजारात कोणी हसले नाही. ते साठ रुपये कशासाठी होते, हे सर्वांना ठाऊक होते.

बहिर्जी धावत आत गेला. "शेटजी, काही चूक झाली असेल. माझी ठेव आहे!"

"होती," त्रिंबकशेट म्हणाले. "वर्षभर तुमच्या चिठ्ठ्या भरल्या कशातून? दहा रुपये राहिले आहेत. घेऊन जा."

"तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाही!"

शेटांना खरोखरच नवल वाटले. "सांगू नये, म्हणूनच तर तुम्ही राखण घेतलीत. आम्ही एकदाही नाही म्हटलं का तुम्हाला?"

"मग आजची चिठ्ठी परत का पाठवली? आज का नाव पुकारलं?"

"राखण थैलीतल्या पैशांवर चालते, बहिर्जी. थैलीच रिकामी झाली, तर मी भरू कशातून?"

"मग उसने द्या. सुगीनंतर फेडीन."

"तारण काय देता?" शेटांनी त्याच मृदू आवाजात विचारले. बहिर्जीचे घर भाड्याचे होते.

तो बाहेर आला, तेव्हा खंडू बुरूड पायरीपाशी उभा होता. त्याने कनवटीचे पाच रुपये काढून बहिर्जीच्या हातावर ठेवले व म्हणाला, "मोजू नका, दादा. घ्या." कुंभाराने दोन दिले, कोळशेवाल्याने एक. नेत्रवैद्यांनी स्वतःचे शुल्क सोडले आणि जत्रा पांगेपर्यंत ते थांबून राहिले. बहिर्जीने ऐरण विकायला काढली. पण त्या गावात दुसरा तांबट नव्हता. ती घेणार कोण? सर्व मिळून तिशीच्या आतच रक्कम जमली. बंदरावरचा व्यापारी अर्धे औषध देत नव्हता आणि अर्ध्या औषधाने डोळा वाचत नव्हता. घोड्याचे खोगीर उतरवले गेले. वैद्यांनी आपली पेटी बांधली.

बहिर्जी घरी गेला. यमुनेने अंगण सारवले होते. वैद्यांना बसण्यासाठी पाट मांडला होता आणि डोळा बांधायला जुन्या लुगड्याचा मऊ भाग धुऊन वाळत घातला होता. पावलांची चाहूल लागताच तिने चेहरा दाराकडे वळवला.

"आलात? वैद्यबुवांचा माणूस निघाला का हो बंदराकडं?"

तो एक शब्द बाजारात ऐकू येऊ नये, म्हणून बहिर्जीने वर्षभर पैसे मोजले होते. आता तो त्याला स्वतःच्याच तोंडाने उच्चारायचा होता. तो उंबऱ्यात खाली बसला. मग म्हणाला, "नाही."

यमुना उठली. ती चाचपत अंगणात गेली, वाळत घातलेले फडके तिने काढले, त्याची नीट घडी केली आणि ते फडताळात ठेवून दिले.

तात्पर्य: जी सोय आपली उणीव झाकते, तिची किंमत किती आणि ती कोणाच्या थैलीतून भरली जाणार, हे ती पत्करण्यापूर्वी विचारावे. वेळेवर ऐकलेला नकार माणसाला एक दिवस लाजवतो. पैसे देऊन लांबवलेला नकार त्याचे सर्वांत मोलाचे असते तेच हिरावून नेतो.